बंद दारामागचा पीळ

अमेरिकेतल्या उपनगरांमध्ये मोटार ठेवण्याची खोली घराला लागूनच बांधलेली असते. तिचे दार बाजूला न उघडता वर सरकते, आणि ते इतक्या सहज सरकते की त्याच्या वजनाचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. दोन मोटारी शेजारी-शेजारी मावतील असे सोळा फूट रुंदीचे आणि सात फूट उंचीचे पत्र्याचे दार, आतला उष्णतारोधक थर धरून, साधारण ७० किलो भरते आणि कित्येकदा त्याहूनही जड असते. तरीही शाळकरी मूल ते एका हाताने उचलू शकते आणि छताला टांगलेली लहानशी मोटर ते दिवसातून कितीदा तरी वर-खाली करते. हे बळ मुलाच्या हातात नसते आणि मोटरीतही फारसे नसते. दाराच्या वर, भिंतीला समांतर असा एक पोलादी दांडा आडवा बसवलेला असतो आणि त्यावर जाड तारेच्या वेढ्यांच्या एक किंवा दोन स्प्रिंगा ओवलेल्या असतात. ही पिळाची स्प्रिंग होय, म्हणजे ओढून लांब न होता स्वतःभोवती पिळली जाऊन बळ साठवणारी. तिचे एक टोक मधल्या पट्टीने भिंतीला जखडलेले असते, दुसरे दांड्याला आवळलेले असते. दांड्याच्या दोन्ही टोकांना खाचा असलेली चाके असतात, ज्यांना ड्रम म्हणतात, आणि त्या ड्रमांवरून उतरणारे पोलादी दोर दाराचे खालचे दोन्ही कोपरे धरून ठेवतात.

या रचनेत एक गोष्ट अशी आहे की जी लक्षात आल्यावर बंद दाराकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. दार बंद असते तेव्हा त्याचे सगळे वजन दोरांवर लोंबत असते, आणि स्प्रिंगमध्ये तेव्हाच सर्वांत जास्त पीळ असतो. दार वर जाऊ लागले की त्याची आडवी फळकुटे एकामागून एक वळून छताखालच्या आडव्या रुळांवर टेकतात, रूळ त्यांचा भार स्वतःकडे घेतात, आणि जितका भार उतरतो त्याच प्रमाणात स्प्रिंगही सैलावत जाते. दार पूर्ण उघडते तेव्हा तिच्यात जेमतेम पाऊण फेरा उरतो, तोही दोर ढिले पडून ड्रमवरून निसटू नयेत म्हणून मुद्दाम राखलेला. माणसाला मात्र हे नेमके उलटे भासते. दार हलते आहे तोवर काम चालू आहे आणि ते खाली टेकले की काम संपले, अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात घरातले दिवे मालवून सगळी निजतात, दार कुलूपबंद होऊन निश्चल उभे राहते, ते सारे तास स्प्रिंगचे खरे कष्टाचे असतात. घराची विश्रांती आणि तिची विश्रांती कधीच एका वेळी येत नाही.

स्प्रिंग तुटते तीही म्हणूनच बहुधा बंद दारामागे. बंदुकीचा बार व्हावा तसा एक आवाज होतो आणि घरातली माणसे खिडकी फुटली की कपाट कोसळले हे शोधत फिरतात. मोटार जागेवर असते, दार जागेवर असते, काहीच विस्कटलेले दिसत नाही. मान वर करून पाहिले तरच एकसंध दिसणाऱ्या वेढ्यांमध्ये दोन-एक इंचांची फट पडलेली आढळते. कडाक्याच्या थंडीत हे अधिक घडते, कारण थंडीत पोलादाचा चिवटपणा कमी होतो. तुटलेल्या तारेचे तोंड उजेडात धरून पाहिले तर त्यावर बहुधा दोन पोत दिसतात. एका कडेला गुळगुळीत, काळपट असा लहानसा ठिपका असतो आणि उरलेला भाग ताज्या तुटीचा, करडा व खरखरीत असतो. त्या ठिपक्यात तुटीची सुरुवात झालेली असते. तिथे केसाहून बारीक चीर पडली, दाराच्या प्रत्येक उघडझापीबरोबर ती किंचित पुढे सरकली, आणि उरलेली तार भार पेलण्यास अपुरी पडली त्या क्षणी बाकीचे सगळे एकदम घडले. आवाज एका क्षणाचा असला तरी तुटणे कित्येक महिन्यांपासून चाललेले असते.

वारंवार येणाऱ्या आणि ओसरणाऱ्या ताणाने धातू असा झिजत जाण्याला अभियंते धातूचा थकवा म्हणतात. प्रशियातील रेल्वेगाड्यांचे आस एका झटक्यात मोडतील इतका भार नसतानाही का मोडतात, याचा शोध घेताना आउगुस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने १८५० आणि १८६० च्या दशकांत या थकव्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला. त्याच्या प्रयोगांतून असे दिसले की पोलादाला ताणाची एक मर्यादा असते. तिच्या आत राहिलेला तुकडा कितीही वेळा ताणला तरी तो मोडत नाही, आणि ती ओलांडली की त्याचे आयुष्य मोजता येण्याजोगे होते. घरगुती दाराची स्प्रिंग जाणूनबुजून या मर्यादेच्या पलीकडे वापरली जाते, कारण मर्यादेच्या आत ठेवायची तर ती फारच लांब, जड आणि महाग होईल. म्हणून नेहमीची स्प्रिंग सुमारे १०,००० फेऱ्यांसाठी घडवतात. एकदा उघडणे आणि एकदा बंद होणे मिळून एक फेरी. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर हा हिशेब सात वर्षांच्या थोडा अलीकडे संपतो. म्हणजे स्प्रिंग तुटणे हा बहुतेक वेळा अपघात नसतो किंवा कोणाची हयगयही नसते. तिचा शेवट ती भट्टीतून निघाली तेव्हाच अंदाजाने ठरलेला असतो आणि घरातल्या कोणालाही ते ठाऊक नसते.

जड वस्तू दुसऱ्या भाराच्या मदतीने हलकी करण्याची युक्ती फार जुनी आहे. कोकणातल्या वाड्यांमध्ये विहिरीवर जी लाट असे, म्हणजे एका टोकाला दगड बांधलेला आणि मधे टेकूवर झुलणारा लांब वासा, तिने पाणी काढणाऱ्याची पाठ राखली ती याच युक्तीने; दगड खाली जायला आतुर असे आणि भरलेली बादली त्याच्या आतुरतेने वर येई. युरोपातील जुन्या वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांच्या चौकटींतही अशी वजने दोरीला बांधून लपवलेली असत. स्प्रिंगने वजनाची जागा घेतली तेव्हा भाराला तोलण्यासाठी दुसऱ्या भाराची गरज उरली नाही; धातूचा मूळ आकाराकडे परतण्याचा हट्ट तेवढा पुरेसा ठरला. या हट्टाचे गणित इंग्लंडमध्ये रॉबर्ट हुक याने मांडले, की स्प्रिंग जितकी ताणावी तितक्याच प्रमाणात ती उलट ओढते. १६७६ मध्ये त्याने ते अक्षरांची उलटापालट केलेल्या कोड्याच्या रूपात छापले आणि १६७८ मध्ये त्याची उकल प्रसिद्ध केली. वर उचलले जाणारे मोटारखोलीचे दार त्यानंतर जवळपास अडीचशे वर्षांनी आले. १९२१ मध्ये सी. जी. जॉन्सन या अमेरिकन माणसाने ते बनवले आणि १९२६ मध्ये त्याला विजेवर उघडण्याची जोड दिली.

महाराष्ट्रात अशी दारे घरांना क्वचितच असतात, परंतु त्यांच्यामागचे तत्त्व इथल्या प्रत्येक बाजारपेठेत रोज सकाळी कामाला लागते. दुकानाचे रोलिंग शटर म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा पडदा. तो वरच्या पाइपवर गुंडाळला जातो आणि त्या पाइपच्या आतबाहेर स्प्रिंगा बसवलेल्या असतात. दुकानदार खाली वाकून कुलूप काढतो, शटर कमरेइतके उचलतो, आणि पुढचा अर्धा रस्ता ते आपणहून खडखडत वर जाते. स्प्रिंग गेली की तेच शटर उचलायला दोन माणसे लागतात आणि ते वर राहावे म्हणून खाली लाकडी टेकू द्यावा लागतो. शटरवाला येतो तो शिडी, पाना आणि ग्रीसचा डबा घेऊन. त्याचा फोन नंबर पुष्कळदा त्याच शटरच्या पत्र्यावर रंगाच्या साच्याने आधीच उमटवलेला असतो. त्याच्या कामाकडे रस्त्यावरचे कोणी थांबून पाहत नाही. तरी पाइपमध्ये किती पीळ भरायचा याचा अंदाज त्याच्या मनगटात मुरलेला असतो, आणि दुकानाची उद्याची सकाळ सोपी जाणे त्या मनगटावर अवलंबून असते.

न्यू जर्सीतल्या किंवा टेक्सासमधल्या मराठी घरात असा हाताशी असणारा कारागीर नसतो. बोलावला तर येतो, पण त्याच्या येण्याचीही किंमत असते, आणि तोवर मोटार आत अडकलेली असते. अशा घरातली ही खोली मोटारीखेरीज पुष्कळ काही सांभाळते. तिथे तांदळाची पोती, हिवाळी बूट आणि बर्फ ओढायचे फावडे असते. गौरी-गणपतीचे मखर आणि विजेच्या माळा खोक्यांत भरून फळीवर चढवलेल्या असतात. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या रिकाम्या बॅगा परतीच्या दिवसापर्यंत एका कोपऱ्यात उभ्या असतात. पुढचे दार पाहुण्यांचे आणि हे दार घरच्यांचे, अशी वाटणी न सांगता झालेली असते. त्यामुळे ते अडले की साऱ्या घराचे जाणे-येणे अडते. कोणीतरी खालची कड धरून दार उचलू पाहते आणि इतकी वर्षे ठाऊक नसलेले वजन पहिल्यांदा त्याच्या हाताला लागते. हे वजन नव्याने आलेले नसते, ते प्रत्येक दिवशी तिथेच होते. ते दुसरे कोणीतरी धरून होते, एवढेच.

ज्याला हे काम स्वतः करायचे असते त्याचा पहिला धडा मोजमापाचा असतो. तारेची जाडी, वेढ्याचा आतला व्यास, स्प्रिंगची सैल अवस्थेतली लांबी आणि पिळाची दिशा, म्हणजे ती उजव्या वळणाची की डाव्या, या चार गोष्टी अचूक कळल्याखेरीज नवी स्प्रिंग मागवता येत नाही. तारेची जाडी एका वेढ्यावरून मोजली तर चूक होते, म्हणून वीस वेढे घट्ट एकत्र धरून त्यांची लांबी मोजतात आणि तिला वीसने भागतात. लांबी साडेचार इंच भरली तर तार ०.२२५ इंचाची, त्याहून इंचाचा पाचवा हिस्साही जास्त नाही अशी भरली तर ती ०.२३४ इंचाची असू शकते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, परंतु स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढत असल्यामुळे चार टक्के जाड तार सुमारे १७ टक्के जास्त ताठर ठरते आणि दाराचा तोल पार बिघडतो. दोन स्प्रिंगांपैकी एकच तुटली असली तरी दोन्ही बदलणे शहाणपणाचे असते, कारण दुसरीनेही तितकीच उघडझाप सोसलेली असते.

मग पीळ भरण्याचा भाग येतो. दार बंद ठेवून रुळाला पकडीने जखडतात, मोटरीची वीज तोडतात, दांडा फिरू नये म्हणून त्यालाही पकड लावतात. स्प्रिंगच्या मोकळ्या टोकाला बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा शंकूच्या आकाराचा तुकडा घट्ट बसवलेला असतो आणि त्याच्या कडेला चार भोके असतात. त्या भोकांत बसणाऱ्या, अर्धा इंच जाड आणि दीड फूट लांब अशा दोन पोलादी सळ्या लागतात. त्यांच्याऐवजी स्क्रूड्रायव्हर वापरणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय, कारण त्याची दांडी भोकात सैल बसते आणि निसटते. एक सळई तळापर्यंत घालून ती पाव फेरा वर फिरवायची, तिने भार धरून ठेवायचा, दुसरी सळई पुढच्या भोकात घालायची, भार तिच्यावर आल्याची खात्री हाताला पटली की मगच पहिली काढायची. सात फुटी दाराला असे सुमारे तीस पाव फेरे, म्हणजे साडेसात पूर्ण फेरे द्यावे लागतात. वेढ्यांवर आधी खडूची एक सरळ रेघ मारून ठेवली तर ती प्रत्येक फेऱ्यागणिक मळसूत्रासारखी वळत जाते, आणि मोजणी चुकली तरी रेघेचे वेढे खरी संख्या सांगतात. स्प्रिंगही या काळात हळूहळू लांब होते, कारण प्रत्येक पूर्ण फेऱ्यात एक वेढा वाढतो आणि त्याला तारेच्या जाडीइतकी जागा हवी असते.

विशेष असे की या कामात हाताला लागणारा जोर फारसा नसतो. ७० किलोचे दार, दोन इंच त्रिज्येचा ड्रम आणि अठरा इंचांची सळई हे गणित मांडले तर एकाच स्प्रिंगच्या दाराला शेवटच्या फेऱ्यातही सळईच्या टोकावर आठ किलोच्या आसपास जोर पुरतो, आणि स्प्रिंगा दोन असतील तर त्याच्या निम्मा. बाजारातून भाजीच्या दोन पिशव्या आणणाऱ्या हाताला तो जड नाही. धोका जोरात नसून साठ्यात असतो. सत्तर किलोचा माणूस सुमारे एक मीटर वर उचलावा इतकी ऊर्जा त्या तीस सावकाश पाव फेऱ्यांनी पोलादात भरलेली असते, आणि सळई सुटली तर ती भरलेल्या वेळाच्या कितीतरी लहान अंशात बाहेर पडते. म्हणून सळईच्या फिरण्याच्या वाटेत डोके किंवा छाती येऊ नये अशा बेताने शिडी एका बाजूला ठेवतात, आणि भार हातात असताना कोणी हाक मारली तरी ओ देत नाहीत. हे भय बाळगण्यात कमीपणा नाही. वस्तूच्या आत काय दडले आहे ते ज्याला कळले त्याचेच हे भय असते, आणि ज्याला ते वाटत नाही त्याने हे काम कारागिरावर सोपवावे यातच त्याचे व घराचे हित आहे. कारागीरही भयातून मुक्त झालेला नसतो. त्याने ते हातांच्या क्रमात बसवलेले असते, म्हणून वरून पाहणाऱ्याला ते दिसत नाही.

काम साधले की नाही हे ठरवण्याची कसोटी साधी आहे. मोटर जोडण्यापूर्वी पकडी काढून दार हाताने अर्ध्यावर उचलतात आणि सोडून देतात. ते खाली घसरले तर पीळ कमी, वर निघाले तर जास्त. तिथेच थांबले तर दाराचे वजन आणि स्प्रिंगचे बळ यांनी एकमेकांना पुरते ओळखले असे समजावे. अर्ध्यावर थांबलेले ते दार पाहताना एक वेगळेच समाधान लाभते. काहीच घडत नसल्यासारखे ते दृश्य असते, तरी त्यात सत्तर किलोंचा अर्धा भार खाली ओढत असतो आणि तितकेच पोलाद वर. आपण ज्याला स्वस्थता म्हणतो तिचा बराचसा भाग असाच असावा, दोन्हीकडून सारखे ओढले गेल्याने जागी राहिलेला. घरातही कोणीतरी भल्या पहाटेपर्यंत जागून, कोणीतरी आपली इच्छा मुडपून, कोणीतरी पैशाचा मेळ घालून असा पीळ धरून ठेवलेला असतो. बाकीच्यांना दार हलके लागते, आणि ते हलकेच असते असे त्यांना मनापासून वाटते. त्यांचे वाटणे खोटे म्हणता येत नाही, कारण दार हलके लागावे म्हणूनच तर पीळ दिलेला असतो. मात्र भार धरणाऱ्याची फट कुठे वाढते आहे हे वेळीच दिसावे, तर हलक्या दाराखालूनही अधूनमधून मान वर करावी लागते.

नवी स्प्रिंग मागवताना आणखी एक प्रश्न समोर येतो, आणि त्याचे उत्तर मोजपट्टीत सापडत नाही. तेच दार उचलणारी स्प्रिंग १०,००० फेऱ्यांचीही मिळते आणि जाड तार व जास्त लांबी घेऊन २५,००० किंवा त्याहून अधिक फेऱ्यांचीही. दुसरी महाग असते, परंतु सात वर्षांऐवजी सतरा वर्षे टिकण्याची आशा देते. कोणती घ्यावी हे ठरवणाऱ्याला या घरात आपण किती काळ राहणार आहोत याचा अंदाज बांधावा लागतो. मुलगी दोन वर्षांत मोटार चालवू लागेल आणि दाराच्या फेऱ्या वाढतील; मग ती शिकायला दूर जाईल आणि त्या कमी होतील. आईवडील दर उन्हाळ्यात येत राहतील की प्रवास त्यांना झेपेनासा होईल, नोकरी याच गावात राहील की दुसऱ्या किनाऱ्यावर नेईल, परतण्याची जी गोष्ट दर दिवाळीला निघते ती कधी खरी होईल की बोलण्यातच राहील, हे सगळे त्या एका खरेदीत गुंतलेले असते. जाड तारेची स्प्रिंग घेणारा या मातीत थोडा अधिक रोवला जातो, आणि साधी घेणारा पुढच्या सात वर्षांनंतरचा निर्णय पुढच्या सात वर्षांवर सोपवतो. दोहोंपैकी कोण अधिक शहाणा हे सांगणे कठीण आहे, कारण पोलादाच्या आयुष्याचा हिशेब व्योलरच्या वाटेने मांडता येतो, आणि घराच्या मुक्कामाचा हिशेब मांडण्याची वाट अजून कोणाला सापडलेली नाही.